नव्वद सेकंद

ग्रिम्सबीच्या जुन्या मासळी-गोदीमागे एक खोली आहे.
तिला सगळे 'संग्रह' म्हणतात.
एक सर्व्हर, दोन हीटर, त्यातला एक कायमचा बंद,
आणि खलाशांचे चारशे बारा आवाज.

रात्रीच्या वादळात वीज गेली, बॅटरीही दमली.
सकाळी यंत्र उठलं
आणि अर्ध्यात पाय रोवून उभं राहिलं.
काळ्या पडद्यावर लाल चांदण्या
डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे:
एका डिस्कची वाट पाहणं चालू आहे.
मुदत, दीड मिनिट.

डोरीन ब्लँचर्ड दारात. म्हणजे आज गुरुवार.
दर गुरुवारी ती लेनला ऐकायला येते,
आइसलँडपाशी जाळं कसं फाटलं, ती सहा मिनिटं.
"आज बोलत नाही का?"
"उठतोय. वेळ लागतो."
"लेनलाही लागायचा," म्हणत ती हीटरशी बसली,
बंदवाल्या.

नव्वद सेकंद सरले. यंत्राने हात टेकले,
पासवर्ड मागितला.
मी एफएसटॅब उघडली, जेमतेम सात ओळींची फाइल.
कुणी कुठे उतरायचं त्याची यादी,
लग्नघरात जानवसा वाटून देतात तशी:
ही डिस्क या दारी, ती त्या दारी,
हिने फक्त वाचू द्यावं, तिने लिहूही द्यावं.

पाचव्या ओळीत एक छत्तीस अक्षरी नाव.
त्याच्या डोक्यावर, आधी # घालून, केल्विनचं टिपण:
'दुरुस्तीला गेलीय. मंगळवारी येईल. ओळ काढू नये.'
तारीख आठ वर्षांपूर्वीची.
आठ वर्षांत यंत्र एकदाही बंद पडलं नाही,
त्यामुळे न आलेलं कुणी आहे
हे कुणाला कळलंच नाही.

केल्विनला मी पाहिलेलं नाही.
त्याचा मग खिडकीत आहे,
तळाशी चहाचं वर्तुळ.

तिच्यासाठी राखलेलं फोल्डर उघडलं.
दार शाबूत, आत काही नाही.
मग कागदी नोंदवही काढली, तीच खरी दमदार.
त्या डिस्कवर होत्या
गोदीवर मासे कापणाऱ्या बायकांच्या मुलाखती. एकोणीस.
सतरावी: डी. ब्लँचर्ड.

"माझीही घेतली होती हो एकदा,"
मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली,
हातमोजे काढत, एकेक बोट.
"चांगली तासभर. कुठे गेली कुणास ठाऊक.
तशी काही खास बोलले नव्हते मी."

मी वही मिटली.

ओळ काढता आली असती. दोन कळा, डी आणि डी.
नाही काढली.
तिच्या चौथ्या रकान्यात एक शब्द घातला, नोफेल:
आली तर बसव,
नाही आली तर अडून राहू नकोस.
आणि केल्विनच्या खाली माझं एक टिपण, # लावून, मराठीत.
# असलं की यंत्र वाचत नाही,
मराठी असली की इथलं कुणी वाचणार नाही.
तरी लिहिलं.

पुन्हा सुरू केलं. या खेपेला चांदण्या थांबल्या नाहीत.
लेन खोकला, खुर्ची करकरली,
मागे कुठेतरी किटली ठेवल्याचा आवाज आला.
"तो मीच," डोरीन म्हणाली.
"किटली ठेवतेय ना, ती मी."