अर्धी ओळ

बोट धक्क्यालाच होती. वारा होता, पण सुटण्याजोगा.
बंद पडलं होतं ते फक्त तिचं वेळापत्रक,
आणि तिकडे सुदुरोयला, त्वोरोइरीच्या धक्क्यावर
मासळीचे दोन ट्रक इंजिनं चालू ठेवून उभे.
कुणाचा नंबर लागला, कुणाचा नाही,
सांगायला कुणी नव्हतं.

तोरोद्दुरने मला सव्वापाचला उठवलं.
"सर्व्हर गेला," म्हणाला,
शेजारचं म्हातारं माणूस गेल्यासारखं, आवाज खाली घेऊन.

किटली ठेवली. खिडकीबाहेर तोर्शहाव्न,
छपरांवरचं गवत अंधारात नुसतं हलत होतं.
दोनदा उठवून पाहिला त्याला.
उठायचा, बसायचा.
मग म्हटलं, राहू दे. आधी लॉग वाचू.

लॉगची भाषा कोरडी:
कोण आलं, किती वाजता, काय मागितलं, काय मिळालं.
दोनशे म्हणजे, घे.
चारशे चार म्हणजे, असलं काही इथे नाहीच.
पाचशे म्हणजे, चूक तुझी नाही, माझी.
आमच्या घरात कुणी कधी
इतक्या चटकन कबूल केलेलं नाही.

चार वाजता एक परका पत्ता कडी वाजवून गेलेला.
"हाच," तोरोद्दुर म्हणाला. "बाहेरचाच कुणीतरी."
बेटावर काही बिघडलं
की पहिलं बोट समुद्रापलीकडे.
पण मागची पानं उलटली तर तो रोजचाच निघाला.
तोच पासवर्ड लावतो, नाही म्हटलं की मुकाट जातो.
त्याच्याइतका नेमका तर आमचा पोस्टमनही नाही.

मग दोन फाइलींची घड्याळं जुळेनात.
एक म्हणते तीन, दुसरी म्हणते चार.
अर्धा तास आम्ही त्या मधल्या तासाच्या मागावर.
तो नव्हताच.
रविवारी घड्याळं पुढे केली होती सगळ्यांनी,
एका फाइलीला सांगायचं राहून गेलं.

शेवटी शेवटची ओळ.
चार बारा. कुणीतरी विचारत होतं
सुम्बाच्या बसला जोडणारी आजची पहि

एवढंच. पुढे कोरं.
पेन काढून घ्यावं हातातून, तसं.

जागा संपली होती. डिस्क गच्च,
शेवटचा शब्द पुरा करायलाही तसूभर उरली नाही.
कुणी खाल्ली एवढी?
मी फोल्डरं उघडत गेले, एकेक, खोल खोल,
आणि तळाशी तीच फाइल, जी मी पहाटेपासून वाचत होते,
फुगून बसलेली.
साक्षीदारच.

नोव्हेंबरपासून तिला हुकूम होता: सगळं लिही.
शिंकलं कुणी तरी लिही.
हुकमाखाली तारीख, एक शब्द, "तात्पुरतं",
आणि सही. सुन्वा.
म्हणजे मी.

आठवलं. एल्स्पाचं तिकीट हरवलं होतं,
बहिणीच्या मातीला जायचं होतं तिला.
तीनदा फोन केला, तिसऱ्यांदा रडली.
तिकीट सापडलं: महिना चुकीचा टाकला होता तिनेच.
तिने वाळवलेल्या मेंढीची तंगडी पाठवली,
ती आम्ही ख्रिसमसपर्यंत पुरवली,
आणि हुकूम मागे घ्यायचा राहिला.

तोरोद्दुर काही बोलला नाही.
माझ्या कपात कॉफी ओतली, कपापेक्षा जास्त.

फाइल पुसली. सहा दोनला सर्व्हर उठला,
पहिली ओळ त्याने अख्खी लिहिली.
ट्रक तोवर बोटीत चढलेही होते.
कुण्या खलाशाने पुठ्ठ्यावर खडूने
नंबर लिहून दिले होते म्हणे.

कारण या रकान्यात मी लिहिलं "डिस्क भरली".
ते खरंच आहे.
मग खोडलं. मग तेच पुन्हा लिहिलं.

दुपारपर्यंत नव्या फाइलीत
तो चार बाराचा प्रश्न शोधत राहिले.
परत नाही आला कुणी विचारायला.
कोट चढवून
सरळ थांब्यावर जाऊन उभं राहिलं असेल.