एक जून

त्याचं नाव इथे येणार नाही.
कायद्याने येत नाही, आणि माझ्या हातूनही.
केळेवाडीचा, एवढं चालेल.
डाव्या चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला, हेही.

बावीस वर्षं मी शिवाजीनगर कोर्टात टंकलेखन केलं.
बोटांना ‘आरोपी’ पाठ होता,
डोळे मिटून उमटायचा.
येरवड्याला बदली झाली, पहिल्याच दिवशी
देवस्थळी मॅडमनी कागद परत दिला:
इथे आरोपी नसतो. बालक लिहा.
सहा महिने बॅकस्पेस झिजवला.

हवालदार झेंडे साध्या कपड्यांत आलेत,
नियमाप्रमाणे. चौकडीचा शर्ट, कडक इस्त्री.
बूट तेच.
पोरगा बुटांकडे बघून बोलतो.

डायरी म्हणते: ताब्यात घेतलं दहा तारखेला, रात्री अकरा वाजता.
आज अकरा तारीख, दुपार.
चोवीस तासांच्या आत. चोख.
ॲडव्होकेट टिळेकर उठतात.
विधी सेवेकडून येतात त्या, फी घेत नाहीत,
छत्री मात्र दर वेळी विसरून जातात.
विचारतात, चौकीत किती वेळ होतास?
माहीत नाही.
घड्याळ नव्हतं?
बंद होतं.
मग?
समोरच्या अमृततुल्यचं शटर, तो म्हणतो,
दोनदा वर गेलं.
अंधार असतानाच. मग पितळी भांडं घासायचा आवाज.
दोनदा.

झेंडे खाकरतात. झोपेत असेल, म्हणतात, पोराचं काय.
माझी बोटं थांबलेली.
शटर टाईप करायचं असतं का?
माझ्याकडे न बघता मॅडम म्हणतात,
जसं बोलला तसं घ्या.

मग वय.
मोटारसायकल गेली आठ जूनला.
शाळेच्या दाखल्यावर जन्म एक जून.
म्हणजे अठरा वर्षं, सात दिवस.
सात दिवसांचा मोठा माणूस.
त्याला मोठ्यांचं कोर्ट, मोठ्यांची बराक.

आई मागे बसलेली, पोळ्यांचं एक घर अर्ध्यात टाकून,
नखांत कणीक.
एक जून गुरुजींनी घातली, ती म्हणते.
मला तारीख सांगता येईना, त्यांना घाई.
हा झाला तेव्हा भिडे पूल पाण्याखाली होता.
रिक्षावाल्याने लकडी पुलावरून घेतलं,
मी त्याला म्हणत होते, दादा, इथेच होतंय.
कमला नेहरूत लिहिलं असेल की.
बघा ना कुणीतरी.

कुणी हसलं नाही.
एक जूनला भिडे पूल बुडत नाही,
हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.
पण पुलाला साक्षीला बोलावता येत नाही.
टिळेकर अर्ज देतात: रुग्णालयाची जन्मनोंद मागवावी.

आता माझं थोडं.
माझीही तारीख एक जूनच.
करमाळ्याच्या शाळेत आम्ही अकरा जणी
एकाच दिवशी जन्मलो, एकाच पेनाने.
दर वर्षी ऑफिसात पेढे येतात, मी खाते.
चव्वेचाळीस वर्षांत कुणी विचारलं नाही, खरी कोणती.
विचारायचं कारण नव्हतं.
माझ्या तारखेवर कुणी कुलूप लावणार नव्हतं.

मॅडम सांगतात, मी घेते:
बालकाच्या वयाबाबत शंका असल्याने मूळ नोंद मागवण्यात येते.
तोवर त्यास बालकच समजण्यात यावे.
चौकीच्या डायरीची प्रत सात दिवसांत सादर करावी.
‘तोवर’ मी दोनदा तपासते.

आदेश पोराला समजेल अशा भाषेत सांगायचा असतो.
परिवीक्षा अधिकारी ढमढेरे सांगतात, हळू, दोनदा.
तो ऐकतो. बुटांकडे बघत.
मग पहिल्यांदाच वर बघून विचारतो,
म्हणजे मी आत्ता किती वर्षांचा?

पुढचं प्रकरण पुकारलं जातं.
टिळेकर निघतात. छत्री खुर्चीलाच.
आई ती उचलते
आणि त्यांच्या मागे धावते.