बर्फासारखं पांढरं

म्बिताच्या शाळेत, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर,
सातवीचा वर्ग इंग्रजी उपमा पाठ करतो आहे:
कोल्ह्यासारखा लबाड,
बर्फासारखं पांढरं.
पत्रा तापलाय. बर्फ सगळ्यांनी पाहिलाय
माशांच्या लॉरीत, गोणपाटाखाली,
मळका.

अपोंडी बाई पुस्तक मिटतात.
"आपल्या किनाऱ्यावर पांढरं काय आहे?"
बगळा, म्हणतं कुणी. कुणी म्हणतं, उगाली.
ओकिन्यी, शिक्षा म्हणून पुढे बसवलेला:
"वाळत घातलेली ओमेना, भर दुपारी.
पांढरी नाही बाई, पण बघवत नाही."
बाई ते फळ्यावर लिहितात.
मासळीचं नाव तसंच ठेवतात.

त्याच्या वहीत मात्र लाल शाई फार.
'माझी मावशी इंजिनं दुरुस्त करतो.
तो रात्री जागतो. नावाडी त्याला विचारतात.'
घरच्या डोलुओ बोलीत तो आणि ती
एकाच अक्षरात राहतात, क्रियापदाला चिकटून.
(इंग्रजीत त्याचं नुसतं सर्वनाम चुकलं होतं;
मराठीत आणताना मला क्रियापदंही चुकवावी लागली.)
बाई सात वेळा खोडतात.
नैरोबीत पेपर तपासणाऱ्याला
ही मावशी माहीत नाही.

"आता 'सारखं' काढून टाका. उरतं ते रूपक."
खिडकीबाहेर जलपर्णी बंदरापर्यंत आली आहे.
अकुमु उठते: "तळं हे कुणीच न पेरलेलं शेत आहे."
"मग सारा कोण भरणार?" मागून आवाज. हशा.
"पण बाई, 'सारखं' काढलं की ते खोटं होत नाही?"
"होतं," बाई म्हणतात,
"गुण जास्त मिळतात."
आणि स्वतःच जरा थांबतात.

संध्याकाळी मावशी
प्लग दातांत धरून हे सगळं ऐकते.
"होडीला काय म्हणतात इंग्रजीत?"
"जुने खलाशी 'ती' म्हणतात. तुझ्यासारखंच."
"आणि इंजिनाला?"
"ते."
मावशी प्लग काढते, फुंकते, पदराला पुसते.
"काल रात्रभर माझ्याशी भांडलं, पहाटे रुसलं,
आणि म्हणे 'ते'!"

ओकिन्यी वही शोधतो.
याला काहीतरी नाव होतं,
बाईंनी मंगळवारी सांगितलेलं.
मावशी दोरी ओढते.
एकदा.
पुन्हा.