अनेरकाठची मोजणी

पहाटे टेम्पोत चढताना मोजली: सतरा.
कानटोप्या सतरा, मफलर नऊ,
दुर्बीण एक,
तीही वर्गणीतली, डावी काच तडकलेली.

युनूसभाईंनी केळीच्या बागांमधून गाडी काढली,
पानांवरचं दव टपावर ठिबकत होतं.
मी बजावलं, पाणी दिसलं की आवाज बंद.
पाणी दिसलं
आणि सगळी एकदमच ओरडली.

धरणाच्या फुगवट्यात, जिथं चिखल आणि पाण्याचं
अजून ठरलेलं नाही कोण कुठवर,
तिथं शेकाट्या उभे होते.
"मॅडम, यांचे पाय कंपासपेटीतले!"
मी रात्री पाठ केलेलं वाक्य
तसंच घशात राहिलं.
थापट्याची चोच चमच्यासारखी, म्हणाले.
"चमचा नाही, उलथणं,"
दिव्यानीनं दुरुस्त केलं. तिची आई मेस चालवते.

टिबुकली बुडाली.
तिच्यासोबत सगळ्यांनी श्वास धरले.
लोकेश लाल झाला, ती वर आली नाही.
आली ती भलतीकडेच,
आमच्याशी काही बोलणंच झालं नव्हतं अशी.

दुर्बीण प्रत्येकाला वीस आकडे.
तौसीफ उलटी धरून बघत राहिला,
म्हणाला, अशी धरली की सगळे लांब जातात,
जागृतीसुद्धा.
जागृतीनं त्याला चिमटा काढला, जवळून.

ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून
एक पोरगा जाळ्यातून मासे सोडवत होता.
"त्या नळीमा काय दखास?"
मी म्हटलं, पट्टकादंब. हिमालय ओलांडून येतो.
त्यानं नुसतं मान वर करून पाहिलं.
"हाऊ? दर सालना पाव्हना शे हाऊ.
रातले हरबरा खास."
माझ्या तक्त्यात हिमालय होता,
हरभरा नव्हता.
मी लिहून घेतलं.
नाव विचारलं: भटू.
शाळेत जातोस?
"जास ना. कवयमवय."

मग मोजणी.
पक्ष्याचं नाव, संख्या, शेरा.
दोनशे अकरा, दोनशे बारा, थांब रे, ढकलू नको,
दोनशे तेरा...
तेवढ्यात भोवत्या आला
लव्हाळ्यांवरून, अगदी सावकाश,
हरवलेली किल्ली शोधत असल्यासारखा.
आणि अख्खं पाणी उठलं.

तो आवाज कसा होता
ते मला अजून सांगता येत नाही.
मुलांनी सोमवारी निबंधात लिहिलं:
टाळ्या. गारपीट. केळीच्या बागेत शिरलेलं वादळ.
निकुंजनं काहीच लिहिलं नाही.
पण मी पाहिलं होतं,
त्यानं कानटोपी काढून हातात धरली होती
आणि ती पुन्हा घालायचं विसरला होता.

संख्येच्या रकान्यात काय लिहायचं यावर भांडण झालं.
दोनशे तेरा लबाडी,
शून्य त्याहून मोठी लबाडी.
जागृतीनं रकाना मोकळा सोडला
आणि शेऱ्यात लिहिलं: होते.

कळण्याच्या पुऱ्या, भरीत, हात पुसायला पॅन्ट.
निघताना मोजली: अठरा.
पुन्हा मोजली. अठराच.
मागच्या फळीशी भटू,
मांडीवर ट्यूब, गळ्यात आमची दुर्बीण,
कुणी दिली ते कुणी सांगेना.
"फाटालोंग येस ना मी."
वाटेतले सगळे बगळे त्यानं तिच्यातून पाहिले,
जे तो रोज
हाताच्या अंतरावरून पाहतो.

फाट्यावर उतरला.
दुर्बीण परत देताना बाहीनं पुसली,
तरी तिला मासळीचा वास राहिला.
टेम्पो सुटला.
तौसीफनं ती ओढून घेतली, मागच्या फळीवर कोपरं टेकली
आणि दिवसात पहिल्यांदा सरळ धरली.

दिसतोय का?
"दिसतोय."
आता?
"दिसतोय. ट्यूब डोक्यावर घेतलीय."

युनूसभाईंना कुणी काही सांगितलं नव्हतं.
गाडी हळू झाली होती.