मेन स्विच

तळ्याला त्या दिवशी काहीच झालं नव्हतं.
खंडवा रोडच्या अंगाला पाणी नेहमीसारखंच
हिरवट, कोमट, शेवाळाच्या वासाचं.
फक्त बोट क्लबच्या धक्क्याला नवी झालर,
आणि तिचा एक जोड, चिकटपट्टी गुंडाळलेला,
लाटेच्या उंचीवर.

हेमू पुढे होता. पुढेच असायचा.
धक्का दहा हातांवर आला आणि तो थांबला.
ओरडला नाही. हातही आपटले नाहीत.
काहीतरी घरी विसरल्यासारखा
माझ्याकडे बघत राहिला,
मग खाली गेला.

माझ्या पायांना मुंग्या.
वाटलं, दमलो असेन.

काठावर गजूभियांनी शर्ट काढलासुद्धा होता.
सुभेदारकाकांनी त्यांना चिखलात ढकललं.
"कोणी उडी मारायची नाही!
ए पोरा, मागे फीर, धक्क्याला शिवू नकोस!"
आणि ते पळाले.
पाण्याकडे पाठ करून.

पत्र्याच्या खोलीला कुलूप,
चौकीदार पोहे खायला गेलेला.
वल्ह्यानं कडी तोडली, खटका खाली ओढला.
भर उन्हात झालर चालू आहे
हे कोणाला दिसलंच नव्हतं,
म्हणून ती विझलेलीही दिसली नाही.

कागदावर आलं: बुडून मृत्यू.
आई म्हणाली, त्याला पोहता येत होतं हो.
तेवढंच म्हणाली, महिनाभर.

टपरीवर सगळे म्हणाले, बुड्ढा भाग गया, भिया.
मीही म्हणालो. अकरा वर्षं.

मग एकदा त्यांच्या ओट्यावर बसलो.
विद्युत मंडळात तीस वर्षं काढलेला माणूस,
बोलताना सुपारी कातरत होता.
"समुद्रात मीठ असतं. करंट पाण्यातूनच निघून जातो,
माणसाला वळसा घालून.
आपलं पाणी गोडं.
गोड्या पाण्यात सगळ्यात खारट काय,
तर माणूस.
करंटला तीच वाट सोपी."
सुपारी माझ्या हातावर ठेवली.
"गजू उतरला असता तर दोन झाले असते.
तू आणखी चार हात मारले असतेस, तर तीन."

हेमूबद्दल ते काही बोलले नाहीत.
मीही विचारलं नाही.

धक्क्यापासून त्या खोलीपर्यंत चाळीस पावलं.
परवा जाऊन चालून पाहिली, तळ्याकडे पाठ करून.
पाण्यात कोणीच नव्हतं.
तरी तेविसाव्या पावलाला
मान वळलीच.