चहा पिऊन जा

शीतल, लेका, घर बघायला जाशील
तेव्हा चहा आपल्या घरनं पिऊन जा.
मालकिणीच्या हातचा कप एकदा ओठाला लागला
की भिंतीच्या ओलीबद्दल विचारायला जीभ उचलत नाही.
माझं तसं झालंय, दोन वेळा.

रविवारी सकाळी जाऊ नको,
उन्हात सगळीच घरं शहाणी दिसतात.
भर जुलैत जा, तिन्हीसांजेला.
लाईट गेली असेल तर उत्तमच.
बॅटरी ने, जुनी चप्पल घाल,
खिशात पाचाचं जाड नाणं असू दे.
त्यानं गिलावा वाजवून बघ:
टणटण बोलला तर बरा,
भदभद बोलला तर विटेनं त्याला
कधीच सोडचिठ्ठी दिलीय.

प्रॉपर्टी कार्डावरची नावं मोठ्यानं वाच.
मेलेली माणसं तिथं बरीच वर्षं राहतात.
शिवाय गडहिंग्लजला दिलेली एखादी बहीण असते,
जिला कुणी विचारलेलंच नसतं.
तिची सही आधी. विसार नंतर.
घरफाळ्याची पावती बघ, बँकेचा बोजा बघ,
वकिलाच्या फीत काटकसर करू नको;
ती मी केली, अजून फेडतोय.

दुरुस्तीचं म्हणशील तर वरनं खाली ये.
आधी गच्ची, मग नळ, मग वायरिंग,
रंग अगदी शेवटी.
लोक रंगानं सुरुवात करतात
आणि पहिल्याच आषाढात भिंतीवर नकाशे उगवतात.
मिस्त्री सांगेल त्या आकड्यात तिसरा हिस्सा मिळव.
ती त्याची लबाडी नसते.
जुनं घर फोडल्याशिवाय आत काय निघेल
ते त्यालाही माहीत नसतं.

शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अंगाला,
एक घर बघितलं होतं मी.
पोपटी रंग, बोट लावलं तर चिकटेल इतका ताजा.
दस्तगीर मिस्त्री बरोबर होते.
रंगाकडं त्यांनी बघितलंच नाही.
स्विचबोर्डाचे दोन स्क्रू काढले,
आत बोट फिरवलं, माझ्यापुढं धरलं:
वाळलेला गाळ, पिठासारखा बारीक.
"पंचगंगा येऊन गेलीया," म्हणाले,
माहेरवाशीण येऊन जावी तसं.

"छे हो," मालक अर्दाळकर म्हणाले,
"पायरीला शिवलं फक्त."
त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी.
ती काही बोलली नाही.
दाराची फळी नुसती आमच्याकडं वळवली.
मागच्या बाजूला रंग मारायचा राहिला होता.
एक तपकिरी रेघ, तिच्या छातीइतकी:
एकोणीस सालची.
वीतभर खाली दुसरी: एकवीस.
आणि त्याच्याही खाली, फुगलेल्या लाकडात,
पेन्सिलीनं मारलेल्या पोरांच्या उंचीच्या रेघा.
सर्वांत वरच्या पोराच्या नाकातोंडात पाणी गेलं असतं,
असं मनात आलं. पोरं आता पुण्यात असतात.

भाव तिथं पाडता येत होता.
मी पाडला.
साडेतीन लाख खाली आले,
अर्दाळकर फरशीकडं बघत राहिले.
व्यवहार म्हणून बरोबरच होतं, शीतल.
त्या रात्री जेवण गेलं नाही,
तेही हिशेबाच्या वहीत लिहून ठेव.

मग मीटर डोक्याच्या वर घेतला,
बोर्ड सगळे रेघेच्या वर,
खाली कडाप्पा, लाकूड कुठंच नाही,
ती एक फळी सोडून.
दस्तगीर म्हणाले, काढून टाकू, सडलीया.
मी म्हटलं, असू दे.

आता विकायला काढलंय.
गिऱ्हाईक येतं, कडाप्प्यावर हात फिरवतं,
फळी बघतं, आणि त्याला एकदम
कुठंतरी जायचं आठवतं.
तिघं असेच गेले.
एजंट म्हणतो, काका, फळी उलटी बसवा,
दहा मिनिटांचं काम आहे.
आहे खरं.
पान्हा आणि स्क्रू-ड्रायव्हर काढून ठेवलाय खिडकीत,
गेला आठवडाभर तिथंच आहे.

उद्या चौथं गिऱ्हाईक येणार.
नवराबायको, सोबत लहान पोर.
त्यांच्यापुढं चहा ठेवावा का नको,
एवढं मात्र अजून ठरत नाही.