अडीच टन

मरोळच्या त्या ऑफिसला खिडकी नाही.
तरी आभाळाचं मला खरं सांगते
ती वृंदा टिपणीसच.

पहाटे तीनला सहारहून फोन केला
की आधी हवामान नाही,
"झोप झाली का?" विचारते,
आणि उत्तरातली थाप तिला बरोबर ऐकू येते.

जानेवारीतली गोष्ट. दिल्लीला धुकं.
कागदावर पर्यायी विमानतळ जयपूर होता,
तिने खोडून अहमदाबाद केला.
"जयपूरला सगळेच धावतील, कॅप्टन,
उभं राहायला जागा उरायची नाही.
अडीच टन इंधन जास्त घातलंय.
वरून कुणी ओरडलं तर माझं नाव सांगा."

"पण विरेल ना सातपर्यंत?"
"माहीत नाही."

बावीस वर्षांत कितीजण म्हणाले,
होईल हो, निघा तुम्ही!
माहीत नाही म्हणणारी ही एकटी.
त्या दोन शब्दांच्या भरवशावर
एकशे ऐंशी माणसं घेऊन मी निघालो.

सात वाजता धुकं होतं.
सव्वासातलाही.
जयपूर भरल्याचं रेडिओवर ऐकलं,
शेजारच्या पोराने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
मी नाक वळवलं. अहमदाबाद.

उतरल्यावर तिचा निरोप आलेला:
चहा घ्या. तुमचे ड्यूटीचे तास मोजलेत,
अजून एक फेरी बसते. ओढूनताणून नको.

ती स्वतः सुट्टीला देवरुखला जाते, एसटीने.
विमानात म्हणे कान दुखतात.